ऑनलाईन दुकान आणि खरें माप

गांवच्या बाजारांत हळद विकत घेणाऱ्या बाईकडे पाहा. ती दुकानदाराचें बोलणें ऐकून घेते, पण त्यावर विसंबून राहत नाहीं. चिमूटभर पूड तळहातावर घेते, बोटानें चोळते, नाकाशीं नेते, आणि मग तराजूच्या कांट्याकडे नजर लावून उभी राहते. बोट, नाक, डोळा व कांटा असे चार साक्षीदार तिच्या बाजूस असतात. हीच बाई मोबाईलवरून हळद मागवूं लागली म्हणजे तिचे चारहि साक्षीदार एकदम नाहींसे होतात. तिच्यापुढें उरतें एक चित्र, चार ओळींचें वर्णन व एक किंमत. ऑनलाईन व्यापाराचें सारें मर्म या एका फरकांत आहे. ज्याला हा फरक कळला त्याला दुकान चालवितां येईल. ज्याला कळला नाहीं तो कांहीं दिवस माल धाडील आणि मग थांबेल.

गेल्या वर्षीं पालकसभेंत अनेकांनीं आम्हांस विचारलें कीं, "घरबसल्या ऑनलाईन विक्री करून चार पैसे मिळतात असें जिकडेतिकडे ऐकूं येतें, तें खरें काय? आमच्या मुलांनीं तें शिकावें काय?" सभेंत उत्तर देण्यास अवसर नव्हता. शिवाय आम्ही व्यापारी नव्हों. वर्गांत त्रैराशिक व नफातोटा शिकविणारे शिक्षक आहों. परंतु मध्यंतरीं एका घरचा हिशेब आमच्या हातून गेला, आणि त्यानें आम्हांस जें शिकविलें तें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा पाठ लिहीत आहों.

प्रथम एवढें सांगितलें पाहिजे कीं, न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेला माल घेण्याची रीत नवी नाहीं. १८७२ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं आरन माँटगोमेरी वॉर्ड नांवाच्या गृहस्थानें टपालानें माल विकण्याचा धंदा सुरू केला. आदल्याच वर्षीं, म्हणजे १८७१ सालीं, शिकागोच्या मोठ्या आगींत त्यानें जमविलेला पहिला माल जळून खाक झाला होता. तरी धीर न सोडतां त्यानें एका कागदावर १६३ वस्तूंची यादी किंमतींसह छापली आणि ती खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांकडे धाडली. शेतकऱ्यांनीं त्याचें तोंड पाहिलें नव्हतें कीं मालहि पाहिला नव्हता. ही अडचण ओळखून १८७५ सालीं त्यानें जाहीर केलें कीं, माल पसंत पडला नाहीं तर पैसे परत मिळतील. गिऱ्हाइकाच्या मनांतील भीति त्यानें स्वतःच्या अंगावर घेतली, आणि धंदा वाढला.

आपल्या देशांत टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धति सुरू केली. पोस्टमन पार्सल दारांत आणी, घरधनी पैसे मोजून देई, आणि टपालखातें ते पैसे विक्रेत्याकडे पोंचवी. पुस्तकें, घड्याळें, औषधें अशा कितीतरी वस्तु आपल्या आजोबापणजोबांच्या घरीं या मार्गानें आल्या. पुढें संगणक व इंटरनेट आलें. जेफ बेझोस यांनीं १९९४ सालीं ॲमेझॉन ही कंपनी स्थापिली आणि १९९५ सालीं तिच्यामार्फत पुस्तकें विकण्यास आरंभ केला. बंगळूर येथें सचिन बन्सल व बिन्नी बन्सल या दोघां तरुणांनीं २००७ सालीं फ्लिपकार्ट सुरू केलें, तेंहि पुस्तकांपासूनच. २०१० सालीं फ्लिपकार्टनें माल दारांत आल्यावर पैसे देण्याची, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीची, सोय केली. विचार करून पाहिलें तर ही सोय जुन्या व्ही. पी. चीच नात होय.

दोघांनींहि पुस्तकांनींच प्रारंभ कां केला असेल, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं स्वतःस विचारावा. पुस्तक फुटत नाहीं, नासत नाहीं, आणि मुख्य गोष्ट ही कीं, नांव, लेखक व आवृत्ति एवढें सांगितलें म्हणजे त्याचें वर्णन पुरें होतें. एकाच आवृत्तीची प्रत पुण्यांत एक व नागपुरांत दुसरी अशी नसते. यावरून पहिला नियम निघतो : ज्या वस्तूचें पूर्ण व खरें वर्णन शब्दांनीं करतां येतें आणि जी वाटेंत बिघडत नाहीं, तीच वस्तु नवशिक्यानें प्रथम विक्रीस घ्यावी. मापाचे कपडे, कांचसामान व ताजीं फळें हीं पुढच्या इयत्तेचीं उदाहरणें आहेत.

आतां त्या घरची हकीकत सांगतों. मिरजेजवळच्या एका गांवीं आमची एक जुनी विद्यार्थिनी राहते. ती दहावी होऊन कॉलेजांत जाण्याच्या तयारींत असतां तिच्या वडिलांची कारखान्यांतील नोकरी सुटली. आईच्या माहेरीं हळदीचें थोडें रान होतें. सांगलीची हळद पूर्वापार प्रसिद्ध. हरिपूरच्या बाजूस जमिनींत खोल पेवें खणून त्यांत ती सांठवीत असत. २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेव्हां माहेरची हळद घरीं आणून, दळून, अर्ध्या किलोचीं पाकिटें करून ऑनलाईन विकावीं, असें मायलेकींनीं ठरविलें. भांडवल म्हणजे मुलीच्या फीसाठीं बाजूस काढून ठेवलेले १५,००० रुपये. दुसरा पैसा घरांत नव्हता.

पहिल्या पंधरा दिवसांत पुणेंमुंबईकडे वीस पार्सलें गेलीं. घरांत आनंद झाला. एका पाकिटाची किंमत २४० रुपये. त्यास हळद, दळण, पिशवी व खोका मिळून खर्च १३० रुपये. म्हणजे पाकिटामागें ११० रुपये सुटले आणि वीस पाकिटांत २,२०० रुपये मिळाले, अशी त्यांची समजूत झाली. परंतु महिनाअखेर पाहतात तों पैसे वाढण्याऐवजीं घटलेले. एका शनिवारीं शाळा सुटल्यावर दोघी आमच्याकडे आल्या. हिशेबाची वही नव्हती. एका कापडी पिशवींत कुरियरच्या पावत्या व चिठ्ठ्या होत्या. बाई म्हणाल्या, "सर, हळद संपली, घेणारे चांगली म्हणतात, मग पैसा गेला कुठं?"

रिकाम्या वर्गांत फळ्यावर आम्ही पावत्यांवरून पुढील हिशेब मांडला.

जमा : १७ पार्सलें स्वीकारलीं गेलीं, प्रत्येकीं २४० रु. प्रमाणें, ४,०८० रु.

खर्च :
२० पाकिटांचा माल व वेष्टन, प्रत्येकीं १३० रु. प्रमाणें, २,६०० रु.
२० पार्सलांचें कुरियर, प्रत्येकीं ८५ रु. प्रमाणें, १,७०० रु.
परत आलेल्या ३ पार्सलांचें परतीचें कुरियर, २५५ रु.
दारांत पैसे गोळा करण्याची फी, प्रत्येकीं २५ रु. प्रमाणें, ५०० रु.
मोबाईलवरील जाहिरात, १,००० रु.
एकूण खर्च, ६,०५५ रु.

तोटा : १,९७५ रु.

परत आलेलीं तीन पाकिटें वाटेंत फाटलीं होतीं, म्हणून तीं पुन्हां विकण्याजोगीं राहिलीं नव्हतीं. दोन घरीं कुलूप होतें. एका पत्त्याचा पिनकोड चुकला होता. बाई बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या. त्यांचें दळणें, चाळणें, रात्रीं बसून पाकिटें भरणें, यांपैकीं कशाचीहि मजुरी त्या हिशेबांत धरलेली नव्हती. आणि तरीहि तोटा होता.

त्यांतच मुलीनें मोबाईलवर आलेली एक तक्रार दाखविली. मुंबईच्या एका बाईंनीं पैसे देऊन पाकीट घेतलें होतें. पण हळदीचा रंग चित्रांत दिसतो तसा नाहीं, ती फिकट आहे, म्हणून परत घेऊन पैसे द्यावे, असें त्यांचें म्हणणें होतें. येथें आम्हांस आमची चूक सांगितली पाहिजे. फळ्यावरील तोट्याचा आंकडा डोळ्यांपुढें होता. परत घेतल्यास २४० रुपये व कुरियरचे ८५, असे आणखी ३२५ रुपये जाणार होते. आम्ही म्हणालों, "हळद चोख आहे, त्यांनीं पाकीटहि फोडलें आहे, आतां पैसे परत करण्याचें कारण नाहीं." मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, तो फोटो आपला नव्हता. मी दुसऱ्याच्या पानावरून घेतला होता. त्यांनी जे मागवलं ते आपण पाठवलंच नाही."

आम्ही निरुत्तर झालों. ज्यानें वर्गांत तराजूचीं उदाहरणें घातलीं, त्यालाच माप चुकल्याचें कळलें नाहीं. कारण चुकलें होतें तें वजन नव्हतें, वर्णन होतें. बाजारांत वजन खोटें केलें तर तें पाप म्हणून सर्वांस दिसतें. ऑनलाईन दुकानांत चित्र हेंच वजन आहे आणि वर्णन हाच कांटा आहे, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. बाईंनीं त्याच वेळीं पैसे परत पाठविले. तोटा १,९७५ चा २,३०० रुपये झाला. पाकिटामागें ११० रुपये सुटले असें ज्यांनीं मानलें होतें त्यांना प्रत्यक्षांत पाकिटामागें ११५ रुपये घालवावे लागले.

मागाहून आम्ही कायदा पाहिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं २०२० सालीं ई-कॉमर्सचे नियम झाले आहेत. वस्तु सदोष असली किंवा वर्णनाप्रमाणें नसली, तर ती परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेत्यास नकार देतां येत नाहीं. तक्रार आल्यावर ४८ तासांच्या आंत तिची पोंच द्यावी व एका महिन्यांत निवारण करावें, असेंहि त्यांत आहे. स्वतःच गिऱ्हाईक होऊन आपल्या मालाची स्तुति लिहिणें निषिद्ध आहे. मुलीच्या मनानें जें सांगितलें होतें तेंच कायद्यानेंहि सांगितलें होतें.

यानंतर त्या घरीं चार दुरुस्त्या झाल्या. त्या चारींत धंद्याच्या प्रारंभाचे बहुतेक सर्व धडे येतात, म्हणून त्या क्रमानें सांगतों.

पहिली दुरुस्ती वर्णनाची. मुलीनें दिवसाच्या उजेडांत, पांढऱ्या ताटलींत, आपल्याच हळदीचें चित्र घेतलें. खालीं लिहिलें कीं, रंग साधा पिवळा आहे, गडद नारिंगी नाहीं. दळण अमुक महिन्याचें आहे. कोणताहि रंग मिसळलेला नाहीं. हें शेवटचें वाक्य महत्त्वाचें आहे, कारण हळद उठावदार दिसावी म्हणून कांहीं लोक तींत लेड क्रोमेटसारखे विषारी रंग मिसळतात. फिकट रंग हा दोष वाटत होता. खरेपणानें सांगितल्यावर तीच तिची ओळख झाली. त्याचप्रमाणें, मानांकन मिळालेलें नांव त्या प्रदेशाच्या मालापुरतेंच असतें. दुसरीकडची हळद आणून तिला सांगलीची म्हणणें हें खोटें माप होय.

दुसरी दुरुस्ती वजनाची. कुरियरवाले बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यांनीं दर लावतात. अर्धा किलो हळद, पिशवी व खोका मिळून वजन ५०० ग्रॅमच्या वर जाई, आणि पार्सल एक किलोच्या दरांत बसे. केवळ खोक्याच्या वजनासाठीं प्रत्येक वेळीं ३० रुपये अधिक जात होते. अर्ध्या किलोपर्यंत दर ५५ होता, पुढें एक किलोपर्यंत ८५. तेव्हां पाकीट ४०० ग्रॅमचें केलें आणि तसें त्यावर स्पष्ट छापलें. दोन पाकिटें एकत्र घेतल्यास वेष्टनासुद्धां वजन एक किलोच्या आंत राहूं लागलें. मोठा पण हलका खोका असेल तर कुरियरवाले त्याचें आकारमानी वजन धरतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन गुणाकार करावा व पुष्कळदां ५,००० नें भागावें. येणारे किलो खऱ्या वजनाहून अधिक असल्यास दर त्यावर लागतो. घनफळाचीं उदाहरणें सोडवितांना "याचा उपयोग काय?" असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस हें उत्तर आहे.

तिसरी दुरुस्ती किंमतीची. ४०० ग्रॅमच्या एका पाकिटाची हळद ७६ रुपये, दळण ८, पिशवी व चिठ्ठी १२, मिळून ९६. दोन पाकिटांचे १९२ व बाहेरच्या वेष्टनाचे ८, मिळून २००. कुरियर ८५. पैसे ऑनलाईन स्वीकारण्याची फी सुमारें ७. एकूण खर्च २९२. किंमत घरपोंच ३६० ठेविली. म्हणजे पार्सलामागें ६८ रुपये उरूं लागले. पूर्वींच्या कल्पनेंतील ११० पेक्षां ही रक्कम लहान आहे, परंतु ती खरी आहे.

चौथी दुरुस्ती पाठवणीची. पैसे आधीं देणाऱ्यांचींच पार्सलें पाठवावयाचीं असें ठरलें. पार्सल निघण्यापूर्वीं पत्ता व पिनकोड गिऱ्हाइकाकडून पुन्हां तपासून घेण्याचा नियम केला. दारांत पैसे घेण्याची सोय गिऱ्हाइकास गोड वाटते; पण दार बंद असलें किंवा मन पालटलें, तर जाण्याचें व येण्याचें दोन्ही भाडें विक्रेत्यावर पडतें. मोठी कंपनी तें सोसते. फीच्या पैशावर चाललेलें दुकान सोसूं शकत नाहीं. आधीं पैसे मागितल्यामुळें कांहीं गिऱ्हाइकें गेलीं हेंहि सांगितलें पाहिजे. त्या पुढील तीस पार्सलांस दोन महिने लागले. त्यांतील एक परत आलें. २९ पार्सलांचे १०,४४० रुपये आले. ३० पार्सलांचा माल व कुरियर ८,५५० रुपये, २९ वेळांची फी २०३ व परतीचे ८५, मिळून ८,८३८ रुपये खर्च झाला. शिल्लक १,६०२ रुपये. पहिला २,३०० चा तोटा त्यानेंहि भरून निघाला नाहीं. तो भरला त्यापुढील तीस पार्सलांत. मुलीची फी त्या वर्षीं हप्त्यांनीं भरावी लागली. दुकान अद्याप लहान आहे, पण चालू आहे, आणि आतां वही आहे.

यावरून ज्यांस असा व्यवसाय करावयाचा असेल त्यांनीं कसा आरंभ करावा तें थोडक्यांत सांगतों.

आरंभीं वेबसाईट बांधण्यासाठीं पैसे घालूं नयेत. एकच वस्तु घ्यावी. ती ओळखीच्या दहा घरीं विकून त्यांचें मत निर्भीडपणें विचारावें. पहिलीं पार्सलें स्वतःच्याच नातेवाइकांकडे दूरच्या गांवीं पाठवावीं, आणि वेष्टन कोणत्या स्थितींत पोंचलें त्याचें चित्र मागवावें. त्यानंतर विक्रीची जागा निवडावी. मोठ्या बाजारपेठेच्या वेबसाईटवर गिऱ्हाइकांची गर्दी आयती मिळते, पण दलाली, कुरियर व परतीचे नियम त्यांचे असतात. स्वतःच्या वेबसाईटवर किंवा व्हॉट्सॲपवर दलाली नसते, पण गिऱ्हाईक आपण शोधून आणावें लागतें. कोणताहि मार्ग घेतला तरी सर्व वजावट धरून एका वस्तूमागें काय उरतें तें कागदावर मांडल्यावांचून पुढचें पाऊल टाकूं नये. घरखर्चाचा पैसा व दुकानाचा पैसा यांचीं बँकखातीं वेगळीं असावींत. डबा एकच असला म्हणजे तोटा लपून राहतो.

कायद्याच्या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, परंतु त्या टाळतां येत नाहींत. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें अज्ञान व्यक्तीला करार करतां येत नाहीं. म्हणून अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांनीं दुकान आपल्या नांवें न काढतां पालकांच्या नांवें व त्यांच्या देखरेखीखालीं काढावें. खाण्याचा पदार्थ विकावयाचा असेल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें नोंदणी आधीं करावी आणि तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. आमच्या हकीकतींतील बाईंनीं ही एक गोष्ट पहिल्यापासून नीट केली होती. बंद पाकिटावर तयार करणाराचें नांव व पत्ता, पदार्थाचें नांव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठीं संपर्क हीं सर्व असावीं लागतात. त्याविषयीं २०११ चे वजनमापांचे नियम आहेत. जीएसटी १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. महाराष्ट्रांत केवळ माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आंत असल्यास सामान्यतः नोंदणी लागत नाहीं. परंतु परराज्यांत माल पाठवावयाचा तर, कांहीं अपवाद सोडतां, उलाढाल थोडी असली तरी ती करावी लागते. मोठ्या बाजारपेठेच्या वेबसाईटवरून केवळ आपल्या राज्यांत विकणाऱ्या लहान विक्रेत्यांस १ ऑक्टोबर २०२३ पासून याबाबत सवलत मिळाली आहे. तरी पहिलें पार्सल सोडण्यापूर्वीं जाणत्या करसल्लागारास एकदां विचारावें हें उत्तम.

पालकांस एक गोष्ट विशेष करून सांगावयाची आहे. "आठवड्यांत लखपति करूं" असें सांगून शिकवणीचे हजारों रुपये आधीं मागणारे पुष्कळ निघाले आहेत. जो दुकान चालविण्याचें शिकवितो त्यानें स्वतःच्या दुकानाचा हिशेब दाखवावा, नाहींतर त्याचा धंदा शिकवणी विकण्याचाच आहे असें समजावें. दुसरें असें कीं, यूपीआयनें पैसे स्वीकारण्यासाठीं आपला पिन कधींच द्यावा लागत नाहीं. "पैसे पाठवितों, पिन टाका" असें कोणी म्हणालें तर तो पैसे देणारा नसून नेणारा आहे. पैसे पाठविल्याचें चित्र दाखविलें तरी आपल्या खात्यांत रक्कम जमा झाल्याचें स्वतः पाहिल्यावांचून माल हातचा सोडूं नये. आणि कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून किंवा मुलांच्या फीच्या पैशावर आरंभ करूं नये. सर्व बुडाले तरी चूल पेटती राहील एवढेच पैसे प्रथम घालावे.

आतां पालकसभेंतील प्रश्नाचें उत्तर. घरबसल्या चार पैसे मिळतात हें खरें आहे, पण ते बसून मिळत नाहींत. मुलांनीं हें शिकावें काय? अवश्य शिकावें. त्यांत गणित आहे, भूगोल आहे, स्वच्छ भाषा लिहिण्याचा अभ्यास आहे. आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे, कोणी पाहत नसतां खरें सांगण्याची संवय आहे. असें खरें दोन ठिकाणीं सांगावें लागतें : वर्णनांत गिऱ्हाइकाला व वहींत स्वतःला. त्या घरीं प्रथम दोन्ही ठिकाणीं चूक झाली होती. चित्रानें मुंबईच्या बाईंना फसविलें आणि वही नसल्यामुळें मायलेकींनीं स्वतःस फसविलें. दोन्ही चुका एकाच शनिवारीं दुरुस्त झाल्या; पहिली एका मुलीनें दुरुस्त केली आणि दुसरी तिच्या शिक्षकानें. त्या दिवशीं अधिक कोण शिकलें असें कोणी विचारलें तर आम्ही आमचेंच नांव सांगूं.

विद्यार्थ्यांनीं सुटींत पुढील उदाहरणें सोडवावींत व शाळा उघडल्यावर वही दाखवावी.

१. एका खोक्याची लांबी ३० सें. मी., रुंदी २० सें. मी. व उंची १५ सें. मी. आहे, आंतील मालासह त्याचें खरें वजन ७०० ग्रॅम आहे. त्याचें आकारमानी वजन किती? दर अर्ध्या किलोच्या टप्प्यांनीं लागत असेल तर भाडें किती किलोंचें भरावें लागेल?

२. वरील हकीकतींत दुरुस्तीनंतरच्या तीस पार्सलांपैकीं एकाऐवजीं सहा परत आलीं असतीं व परत आलेला माल विकतां आला नसता, तर नफा झाला असता कीं तोटा, व किती?

३. आपल्या घरीं तयार होणाऱ्या कोणत्याहि एका वस्तूचें चार ओळींत वर्णन लिहा. त्यांतील एका ओळींत त्या वस्तूची एक उणीव सांगितलेली असावी. वर्णन आईला वाचून दाखवा, आणि तें खरें आहे असें तिनें म्हटल्यावरच वहींत उतरवा.